आपले काम, परक्याचे पोट
(संत योसेफ कामगार यांच्या सणानिमित्त मनन)



१ मे हा दिवस आपल्यासाठी तीन कारणांनी मोलाचा आहे. तो महाराष्ट्र दिन आहे, जगभरचा कामगार दिन आहे आणि आपल्या ख्रिस्तसभेत संत योसेफ कामगार यांचा सण आहे. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. आपल्या भागात या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटेच्या अंधारात घरातली धडधाकट माणसे जंगलात जातात, दुपारी सावलीला बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर जाऊन मोजून देतात. हाताला काटे, डोक्यावर ऊन आणि मनात वाघाची धास्ती. कामाचे मोल काय असते हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

म्हणून या रविवारी आपण कामाविषयीच मनन करू. त्यासाठी थोडा वेळ बंदरावर जाऊ. सिंदेवाहीपासून समुद्र शेकडो कोस दूर आहे आणि आपल्यातल्या अनेकांनी जहाज फक्त चित्रात पाहिले असेल. तरीही बंदरावर अनेक वर्षांपासून जो प्रश्न विचारला जातो, तोच प्रश्न आपल्या राईस मिलच्या फाटकावर, रस्त्याच्या कामावर आणि धानाच्या बांधीत विचारला जातो. काम गावच्या माणसाचे, की बाहेरून आलेल्याचे?

बंदरावरचा तंटा

जहाज धक्क्याला लागले की माल उतरवण्याचे आणि चढवण्याचे काम गोदी कामगार करतात. ते त्याच शहरात राहतात, त्यांची मुले तिथल्याच शाळेत जातात. जहाज चालवणारे खलाशी वेगळे असतात. ते दूरदेशचे असतात, फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे आणि मोठ्या संख्येने आपल्या भारताचेही. ते आज एका बंदरात, तर चार दिवसांनी दुसऱ्या.

आता मालाची ने-आण बहुतेक कंटेनरमधून होते. लोखंडाच्या या मोठमोठ्या पेट्या जहाजावर एकीवर एक रचतात आणि लोखंडी सळ्यांनी घट्ट बांधतात. बंदरात आल्यावर त्या सळ्या सोडाव्या लागतात. हे काम अवघड आणि जीवावरचे आहे. काही जहाजमालकांनी हिशेब केला की खलाशी तर पगारावर आहेतच, मग गोदी कामगाराला वेगळे पैसे कशाला द्यायचे? सळ्या बांधायच्या-सोडायच्या कामाला खलाशांनाच जुंपावे!

यात गोदी कामगाराची रोजी जाते हे उघड आहे. पण खलाशाला तरी काय मिळते? रात्रंदिवस समुद्रावर पाळ्या करून तो थकलेला असतो. धक्क्याला लागल्यावर त्याला झोप हवी असते, घरी फोन करायचा असतो, दोन तास जमिनीवर पाय ठेवायचा असतो. त्या वेळी त्याला या कामाला लावले जाते. नाही म्हटले तर पुढच्या वेळी नोकरी मिळेल की नाही, ही भीती. म्हणजे एकाची रोजी गेली, दुसऱ्याची झोप गेली आणि पैसा वाचला तो तिसऱ्याचाच.

ही गोष्ट कामगारांच्याच ध्यानात आली. गोदी कामगार आणि खलाशी या दोघांच्या संघटना ज्या आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघात एकत्र आहेत, तो महासंघ १८९६ साली स्थापन झाला. त्याने जहाजमालकांशी केलेल्या करारांत असे कलम आहे की, बंदरात गोदी कामगार उपलब्ध असतील तर माल बांधण्या-सोडण्याच्या कामाला खलाशांना लावू नये. २०२० पासून या कलमाच्या कडक अंमलबजावणीचा आग्रह धरला गेला. अमेरिकेने तर १९९० साली कायदाच केला की परदेशी खलाशांनी, काही अपवाद सोडून, गोदीचे काम करायचे नाही.

बंधु-भगिनींनो, एक गोष्ट नीट पाहू या. महासंघाचे ते कलम गोदी कामगारांनी खलाशांच्या विरोधात लिहिलेले नाही. ते दोघांनी मिळून मागितले आहे. गोदी कामगार म्हणतो, माझे काम माझ्याकडे राहू द्या. खलाशी म्हणतो, माझी विश्रांती माझ्याकडे राहू द्या. आपल्या कामाचे रक्षण करायला दुसऱ्याचा द्वेष करावा लागत नाही, हे त्या कलमातून आपण शिकावे.

बाजारात उभे असलेले लोक

प्रभू येशूने द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला सांगितला (मत्तय २०:१-१६). आपण तो वाचतो तेव्हा आपले लक्ष बहुधा मालकाच्या उदारपणाकडे जाते. पण शेवटच्या तासापर्यंत बाजारात उभ्या असलेल्या त्या माणसांकडेही थोडे पाहू. मालकाने त्यांना विचारले की दिवसभर रिकामे का उभे आहात. त्यांनी सांगितले की आपल्याला कोणी कामावर घेतलेच नाही. ते आळशी नव्हते. सकाळपासून ते आशेने उभे होते. घरी चूल वाट पाहत होती.

मुंबईच्या गोदीतही एकेकाळी असेच चित्र होते. रोज सकाळी फाटकापाशी शेकडो माणसे जमत. टोळीवाला येई आणि त्याच्या मर्जीतली माणसे निवडी. ज्याने त्याचा हात ओला केला त्याला काम, बाकीच्यांनी परत जायचे. ही अवस्था बदलावी म्हणून १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि पुढे मुंबईत गोदी कामगार मंडळ आले. कामगाराची नोंद झाली, पाळीपाळीने काम मिळू लागले आणि हजर राहूनही काम मिळाले नाही तर हजेरीचा भत्ता मिळू लागला. त्या चळवळीचे एक मोठे पुढारी होते पी. डिमेलो. ते १९५८ साली वारले आणि मुंबईच्या गोदीलगतच्या हमरस्त्याला आज त्यांचे नाव आहे. ते मंगळूरकडच्या ख्रिस्ती समाजातून आलेले, म्हणजे मुंबईला परकेच! गोदीतले कामगार तरी कुठले? कोणी कोकणातला, कोणी घाटावरचा, कोणी आंध्रातला, कोणी उत्तरेकडचा. ज्यांना आज आपण ‘स्थानिक’ म्हणतो, ते कालचे बाहेरचेच होते.

गोदीचा हा नमुना पुढे महाराष्ट्राच्या बाजारपेठांत आला. अण्णासाहेब पाटील यांनी हमालांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालाची नोंद मंडळाकडे व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पगार मिळावा, ही त्यामागची कल्पना. आपल्या गावात ट्रकवर धानाचे कट्टे चढवणाऱ्या माणसाचे आणि मुंबईच्या गोदीचे नाते हे असे आहे. पाठीवरचे ओझे तेच आणि न्यायाची मागणीही तीच.

८१ वर्षांचे कार्डिनल

या प्रश्नात ख्रिस्तसभेने काय केले, असे कोणी विचारील. त्याला लंडनचे उत्तर आहे. १८८९ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या गोदी कामगारांनी संप केला. त्यांची मागणी फार मोठी नव्हती. तासाला ६ पेन्स मिळावेत आणि कामावर बोलावले तर निदान ४ तासांचे काम द्यावे, एवढीच. कारण तिथेही फाटकावर गर्दी करून उभे राहायचे आणि तासाभराच्या कामासाठी एकमेकांना रेटायचे, अशीच रीत होती. त्या कामगारांत आयर्लंडहून पोट भरायला आलेले कॅथलिक पुष्कळ होते.

वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल मॅनिंग तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्यांनी घरात बसून केवळ प्रार्थना केली असती तरी त्या वयात त्यांना कोणी दोष दिला नसता. पण ते मालकांकडे गेले, कामगारांच्या पुढाऱ्यांकडे गेले, दोघांशी बोलत राहिले. दूर ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी संपकऱ्यांसाठी सुमारे ३० हजार पौंड जमवून पाठवले. सप्टेंबरच्या मध्याला तडजोड झाली आणि कामगारांची मुख्य मागणी मान्य झाली. दोन वर्षांनी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र लिहिले. मजुराला कुटुंब पोसण्याजोगी मजुरी मिळणे हा न्याय आहे आणि संघटना करणे हा त्याचा हक्क आहे, ही शिकवण त्यात ठामपणे आली. तेव्हा कामगाराच्या बाजूने बोलणे हे राजकारण आहे, चर्चचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांना आपण ८१ वर्षांच्या त्या म्हाताऱ्या मेंढपाळाची आठवण द्यावी.

परका म्हणजे कोण?

आता आपल्या गावाकडे वळू. ‘बाहेरचे लोक येऊन आपली कामे घेतात’ ही कुरकुर आपल्या कानावर पडते. कधी चर्चच्या आवारातही पडते. ठेकेदार दुसऱ्या राज्यातून मजूर आणतो, त्यांना कामाच्या जागेवरच ताडपत्रीखाली ठेवतो, रात्री उशिरापर्यंत राबवून घेतो आणि आपल्या पोरांना सांगतो, तुमची गरज नाही. आपल्या तरुणांचा राग खोटा नाही. घरात म्हातारी आई आजारी, शेतात एक हंगामाचे धान आणि गावातले काम डोळ्यांदेखत दुसऱ्याला जाते, तेव्हा कोणालाही राग येईल. आपल्या घरच्यांची काळजी घेणे हे तर ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे, असे संत पौल तीमथ्याला बजावतात (१ तीमथ्य ५:८). तेव्हा गावच्या कामात गावच्या माणसाला आधी विचारा, ही मागणी पाप नाही.

पण राग कोणावर काढायचा, इथे आपण चुकू शकतो. ताडपत्रीखाली झोपलेल्या त्या मजुराने आपले काम चोरलेले नाही. त्याच्या भुकेचा उपयोग करून कोणीतरी आपलीही मजुरी पाडली आहे. शिवाय सगळे काम माणसानेच नेले असेही नाही. १९८९ साली मुंबईसमोर न्हावा-शेवा इथे नवे बंदर सुरू झाले. क्रेन आणि कंटेनर वाढले, तसे पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची गरजच आटली. आपल्याकडे धान कापायला हार्वेस्टर आला, तेव्हा कापणीच्या बायांची रोजी कोणा परप्रांतीयाने नव्हे, यंत्राने नेली. रोग एक आणि औषध भलतेच, असे होऊ नये.

आणि परके आपण नाही का? दरवर्षी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतून कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा आपलेच लोक पोराबाळांना घेऊन जंगलातून पायी परतले. तिथल्या गावात आपण ‘बाहेरचे’ होतो. तिथल्या मजुरांनीही आपल्याकडे बघून हेच म्हटले असेल, की हे आमचे काम खायला आले.

आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसांनी हा अनुभव फार आधी घेतला. इंग्रजांच्या बोटींवर ते खलाशी म्हणून जात. गोव्याचे कॅथलिक खलाशी मुंबईत गावागावाच्या ‘कुडां’त मुक्काम करून बोटीची वाट पाहत. गोऱ्या खलाशापेक्षा त्यांना कितीतरी कमी पगार मिळे. जहाजमालक खूश आणि गोरे खलाशी चिडलेले, की हे आमचे काम बुडवतात. दोघांना सारखा पगार द्या, असे म्हटले असते तर तंटाच मिटला असता. त्याऐवजी १९२५ साली ब्रिटनने काळ्या-सावळ्या परदेशी खलाशांवर नोंदणीचा हुकूम काढला. त्याचा जाच कागदपत्रे जवळ नसलेल्या आपल्या हिंदी खलाशांनाही झाला, आणि ते तर त्याच साम्राज्याचे प्रजाजन होते! कामाचे रक्षण कसे करू नये, त्याचे हे उदाहरण.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर आपल्या वेदीकडे पाहू. १९६२ साली चांदा मिशन सुरू झाले तेव्हा केरळचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी या जंगलभागात आले. त्यांना आपली भाषा येत नव्हती. ते परकेच होते. आपल्या वाडवडिलांनी त्यांना दारातून परत पाठवले असते, तर आज आपण इथे एकत्र जमलो असतो का?

देवाच्या नियमशास्त्रात हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात देव सांगतो की गरीब मजुराला नाडू नका, मग तो आपल्या भाऊबंदांपैकी असो की आपल्या गावात आलेला परका असो. त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. पाहा, देवाने दोघांना एकाच वाक्यात बसवले. आपला आणि परका यांच्यासाठी दोन वेगळे नियम केले नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत आणि कारखान्यात राबले होते. १९८१ साली कामावर लिहिलेल्या विश्वपत्रात त्यांनीही हेच सांगितले, की परगावाहून आलेल्या कामगाराला हक्कांच्या बाबतीत कमी लेखू नये आणि त्याच्या अडचणीचा फायदा उठवू नये.

योनाच्या पुस्तकात तर परदेशी खलाशीच आपले गुरू होतात. वादळ योनामुळे आले हे कळल्यावरही त्यांनी त्याला लगेच समुद्रात टाकले नाही. आधी जीव तोडून वल्ही मारली, त्याला काठाला नेण्याची धडपड केली. संदेष्टा पळत होता आणि परके खलाशी त्याला वाचवायला झटत होते.

अशीच माणुसकी आपल्या काळातही दिसली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर इथे एक मालवाहू जहाज पुलावर आदळले. पुलावर काम करणारे ६ मजूर मेले. पोटासाठी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले ते लोक. जहाजावरचे खलाशी बहुतेक भारतीय होते. बंदर बंद पडले, हजारो गोदी कामगारांचे काम थांबले आणि खलाशी कित्येक आठवडे जहाजावरच अडकून पडले. तेव्हा तिथल्या कॅथलिक सागरसेवेने आणि इतर ख्रिस्ती सेवाकेंद्रांनी आपल्या या मुलांची विचारपूस केली. ही सागरसेवा १९२० साली ग्लासगो इथे सुरू झाली. आज ती ‘स्टेला मारिस’ या नावाने जगभरच्या बंदरांत खलाशांना भेटते.

संत योसेफ दोन्हीकडचे

शेवटी आपण संत योसेफांकडे येऊ. नाझरेथमध्ये ते गावचे सुतार होते. गावाला नांगर हवा, दार हवे, तर लोक त्यांच्याकडेच येत असतील. म्हणजे ते स्थानिक कामगार. पण हेरोदाच्या भीतीने बाळ येशूला आणि पवित्र मरियेला घेऊन त्यांना मिसर देशात पळावे लागले. तिथे पोट भरण्यासाठी त्यांनी काय केले हे शुभवर्तमान सांगत नाही. पण हात बांधून बसून तर कुटुंब जगले नसणार. तिथे ते परके कामगार होते. एकाच माणसाने दोन्ही बाजू भोगल्या. म्हणून गावचा कामगारही त्यांच्याकडे मध्यस्थी मागू शकतो आणि ताडपत्रीखालचा मजूरही.

मग आपण काय करू या?

१. न्याय मागू, एकत्र मागू. गावातल्या कामात गावकऱ्यांना आधी संधी मिळावी, हे ग्रामसभेत उभे राहून, लेखी मागू. पाठीमागे कुरकुर करून काही होत नाही.

२. बाहेरून आलेल्या मजुरालाही तीच मजुरी मिळावी, असे आपणच म्हणू. त्याला पूर्ण मजुरी मिळाली, तर त्याला आणून आपली मजुरी पाडण्याचा ठेकेदाराचा फायदाच संपतो. त्याचा हक्क राखला की आपलाही राखला जातो.

३. आपल्यापैकी जे स्वतः मजूर लावतात त्यांनी आपले हिशेब तपासावेत. रोवणीची मजुरी ‘धान विकल्यावर देतो’ म्हणून थकवली आहे का? याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते (याकोब ५:४). ती थकबाकी या आठवड्यात देऊन टाकू आणि मग वेदीसमोर येऊ.

४. जवळपास बाहेरगावचे मजूर उतरले असतील तर एकदा तरी त्यांच्याकडे जाऊ. पाणी कुठून भरता, पोर आजारी आहे का, एवढे विचारले तरी पुरे. आपली माणसे तेलंगणात असतात तेव्हा त्यांना कोणी असे विचारावे, असे आपल्याला वाटतेच ना?

प्रार्थना

हे परमपित्या, तू आम्हाला हात दिलेस आणि हातांना काम दिलेस. ज्यांना आज कोणी कामावर घेतले नाही त्यांच्याकडे कृपादृष्टीने पाहा. बंदरावर, खाणीत, जंगलात आणि शेतात राबणाऱ्यांचे रक्षण कर. दूर समुद्रावर असलेल्या खलाशांना सुखरूप घरी आण. आमच्या घासासाठी भांडताना दुसऱ्याचा घास आमच्या नजरेआड होऊ देऊ नकोस. नाझरेथचे सुतार आणि मिसरमधले परके असलेल्या संत योसेफांच्या मध्यस्थीने आम्ही हे मागतो, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे. आमेन.